काहील एकटीच का राहिली?

आखाजीला खान्देशात पुरणपोळी खापरावर भाजतात. तव्यावर तेवढी मोठी पोळी मावत नाही आणि मावली तरी तशी होत नाही. पदार्थ भांड्यावर ठरतो, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण पुरणातला गूळ ज्या भांड्यात शिजतो, त्या काहिलीचा इतिहास आपण फारसा विचारत नाही.

काहील म्हणजे सपाट बुडाची, उथळ, अवाढव्य कढई. गुऱ्हाळात जमिनीत खोदलेल्या चुलवाणावर ती बसवतात. काम साधं वाटतं: रसातलं पाणी उडवायचं. १०० किलो उसापासून साधारण १० किलो गूळ होतो, बाकीचं चिपाड आणि वाफ. रस जितका जास्त वेळ तापत राहील, तितकी त्यातली साखर फुटते, रंग काळवंडतो, ढेप नीट बसत नाही. म्हणून काहील उथळ आणि पसरट हवी. खोल भांड्यात पृष्ठभाग कमी मिळतो आणि उकळायला वेळ लागतो.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही होता. उत्तर अमेरिकेत मेपल झाडाचा रस आटवून पाक करतात. त्या रसात साखर जेमतेम २ टक्के, म्हणजे ४० लिटर रस आटवला की लिटरभर पाक. तिथले शेतकरी आधी लोखंडी हंड्यांत रस उकळायचे. १८५८ साली ओहायोतल्या डी. एम. कुक यांनी एका नव्या पॅनचं पेटंट घेतलं. उथळ, लांबट पॅन, आत आडव्या पट्ट्या. एका टोकाला कच्चा रस सोडायचा, तो नागमोडी वाहत पुढे जायचा आणि दुसऱ्या टोकाला पाक निघायचा. गंमत म्हणजे हे पॅन मुळात गोड ज्वारीच्या रसासाठी होतं. मेपलवाल्यांनी ते उचललं. पुढे त्यांच्या पॅनच्या बुडाला खोल घड्या आल्या, म्हणजे आगीला भिडणारा पत्रा वाढला.

मग ज्वारीच्याच मुलखात, खान्देशात, वाहतं पॅन का रुजलं नाही? आपल्याकडे काहील एकटीच का राहिली?

पहिलं कारण पदार्थात आहे. मेपलचा पाक पातळ असतो, तो सुमारे १०४ अंशांवर तयार होतो आणि तोटीतून काढता येतो. गूळ घट्ट होणारा. तो ११८ अंशांच्या आसपास जातो आणि तिथं दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो. सगळा रस एकाच क्षणी तयार व्हावा लागतो आणि त्या क्षणी आगीवरून हलवावा लागतो. म्हणून काहिलीला कड्या असतात. कड्यांत दांडे घालून माणसं ती उचलतात आणि गूळ वाफ्यात ओततात. तो क्षण ओळखणारा गुळव्या. पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी बोटांनी चाचपायची, एवढंच त्याचं थर्मामीटर.

दुसरं कारण मला खान्देशच्या जमिनीत दिसतं. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर फड पद्धत चालायची. गावाची बागायत तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, दरवर्षी पाळी बदलायची. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. उसाच्या फडात ऊस एकाच वेळी तयार होणार, पण मालक अनेक. अशा ठिकाणी वाहतं पॅन अडचणीचं. त्यात तुझा रस कुठं संपला आणि माझा कुठं सुरू झाला, हे कसं ठरवणार? काहिलीत हा वाद उरत नाही. एक आदण म्हणजे एकाचा रस, एकाचा गूळ, एकाचा हिशेब. भांडं भाड्याचं असो की सामाईक, आदण ज्याचं त्याचं.

तिसरी गोष्ट जळणाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी शेतकी खात्यांनी गुऱ्हाळाकडे पाहिलं, तेव्हा भर चुलवाणावर दिला. पुणे भट्टी आणि चंद्रपूरकडच्या गावावरून नाव पडलेली सिंदेवाही भट्टी ही त्या काळातली नावं. हेतू हा की कमी जळणात काहील उकळावी. रस काढून उरलेल्या चिपाडातच गूळ शिजला, तर शेतकऱ्याला लाकूड विकत घ्यावं लागत नाही. लहान गुऱ्हाळाचा नफा-तोटा तिथंच ठरतो.

मग कायदा आला. १९३२ साली साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि काही वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या तिसेकांवरून शंभराच्या वर गेली. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा गिरणीच्या साखरेपेक्षा गुळाची बाजू घेत होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन जळगावकडच्या फैजपूरला भरलं, तिथं ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही होतं. पुढे त्याच फैजपूरजवळ मधुकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराच्या काळात शेतकऱ्यानं उसाबरोबर निर्णयही कारखान्याकडे सोपवला. साक्री तालुक्यातला पांझरा-कान कारखाना बंद पडला, तेव्हा तो निर्णय पुन्हा शेतकऱ्याच्या पुढ्यात आला.

आज कुणी लहान गुऱ्हाळ टाकायचं म्हटलं तर प्रश्न जुनेच आहेत. लोखंडी काहील टिकते, पण लोह रसातल्या घटकांशी मिळून गुळाचा रंग काळपट करतं. स्टेनलेस स्टील स्वच्छ, पण महाग, आणि उष्णता लोखंडाइतकी पटकन वाहू देत नाही. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत बुडाला पंखांसारख्या पट्ट्या जोडलेल्या काहिलीवर जळण वाचवण्याचे प्रयोग झाले. कल्पना मेपलच्या घडीदार पॅनचीच. दोन-तीन काहिलींची भट्टीही मिळते: मागच्या काहिलीत धुराच्या उष्णतेवर रस तापतो, पुढचीत गूळ होतो.

पण भांडं निवडताना पत्र्याची जाडी नंतर बघावी. आधी विचारावं: चिपाड पुरेल का? एका दिवसात किती जणांची आदणं निघतील? आणि गोळी ओळखणारा गुळव्या गावात आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पैशानं बदलता येतात. तिसऱ्याचं उत्तर, कारखान्याच्या काळात एक पिढी चुलवाणापासून दूर गेल्यावर, बाजारात विकत मिळत नाही.