त्रास नाही, मग तपासणी कशाला?

"डॉक्टर, मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" हा प्रश्न दवाखान्यात रोज कानावर पडतो. त्याचे एक चांगले उत्तर विमानांच्या इतिहासात आहे.

उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब वाढवावा लागतो. त्यामुळे धातूचे कवच प्रत्येक उड्डाणात किंचित ताणले जाते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशाच या कवचाला कालांतराने बारीक भेगा पडतात. याला धातूचा थकवा म्हणतात.

ब्रिटनच्या 'कॉमेट' विमानाने १९५२ मध्ये जेट प्रवासी वाहतूक सुरू केली. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीतील एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण गेले. ८ एप्रिलला नेपल्सजवळ दुसरे कोसळले. २१ जण गेले. एल्बाजवळच्या मृतांच्या शवविच्छेदनात फाटलेली फुप्फुसे आढळली. आतला दाब एका क्षणात नाहीसा झाल्याची ती खूण होती. पुढे फार्नबरो येथे एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या कवचाला वारंवार दाब देण्यात आला. आधीची उड्डाणे धरून सुमारे ३,००० वेळा ताण सोसल्यावर ते फाटले.

त्यानंतर विमानांची रचना सुधारली, तरी थकवा टळला नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे साडेपाच मीटर छप्पर २४,००० फुटांवर उडून गेले. वैमानिकांनी विमान उतरवले. ९५ पैकी ९४ जण वाचले, एक हवाई सेविका मात्र गेली. विमान १९ वर्षांचे होते, पण छोट्या फेऱ्यांमुळे त्याची उड्डाणे ८९,६८० झाली होती. खरे वय वर्षांत नव्हे, तर ताणांच्या संख्येत होते.

विशेष म्हणजे, भेगांची तपासणी १९८७ मध्येच सक्तीची झाली होती. पत्रे एकावर एक ठेवून रिव्हेटने जोडलेले सांधे तपासायचे होते. निर्मात्या कंपनीने जितके सांधे सुचवले होते, त्यांतल्या काहींपुरतीच ती सक्ती होती. चौकशी अहवालाने या त्रुटीवर बोट ठेवले, तसेच विमान कंपनीच्या देखभालीवरही. रिव्हेटजवळच्या अनेक लहान भेगा एकमेकींना मिळाल्या होत्या. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला भेग दिसलीही होती. पण ती कोणाला काही बोलली नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत जुन्या विमानांच्या तपासणीचा कायदा झाला.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. लक्षणे नसणे म्हणजे आजार नसणे नव्हे. आणि एका जागेची तपासणी दुसऱ्या जागेची हमी देत नाही. मधुमेहात साखर आटोक्यात असली, तरी डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पाय वेगळे तपासावे लागतात. आणि काही खटकले, तर सांगायला संकोच करू नका.