पाचर, आरा आणि बोटांचा हिशेब : रायपूरच्या लहान आरामशिनींवरील चुकांची नोंद

पंचतंत्राच्या मित्रभेद या पहिल्या तंत्रात करटक दमनकाला जी पहिली कथा सांगतो, ती पाचर उपटणाऱ्या वानराची आहे. नगराजवळ देवळाचे बांधकाम चालू असते. दुपारी कारागीर जेवण्यासाठी गावात जातात. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठोकून ठेवलेली असते. माकडांची टोळी तेथे येते, त्यांतील एक माकड ओंडक्यावर बसून पाचर ओढून काढते आणि मिटलेल्या फटीत सापडून मरते. आपले नसलेले काम अंगावर घेऊ नये, हा या कथेचा बोध शाळकरी मुलांनाही पाठ असतो. लाकूडकामाचा इतिहास पाहणाऱ्याला मात्र तीत आणखी काही दिसते. ही एक कामाची जागा आहे, तिथे मधली सुट्टी झाली आहे, आणि ताणाखाली असलेला ओंडका राखणीवाचून तसाच सोडलेला आहे. वानराचा दोष कथेने मोजला आहे. कारागिरांचा दोष ती विचारातही घेत नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय रायपूर येथील लहान आरामशिनींवर रोज घडणाऱ्या चुका व अपघात हा आहे. तो तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याचे कारण असे की, चूक कोणाची हे ठरविण्याची रीत ही बव्हंशी कथनाची रीत असते. कोणाला कथेत घ्यावयाचे आणि कोणाला जेवायला पाठवावयाचे, यावर दोषाची वाटणी अवलंबून राहते.

प्रथम पाचरीविषयी. हितोपदेशात ही कथा पुन्हा येते, पण तेथे एक तांत्रिक तपशील अधिक नेमका आहे. ओंडका करपत्राने, म्हणजे करवतीने चिरला जात आहे आणि काही अंतरापर्यंत चिरल्यावर दोन फाळक्यांच्या मध्ये सूत्रधाराने पाचर ठेवली आहे. मराठी ‘करवत’ हा शब्द त्या ‘करपत्रा’चाच वंशज होय. ओल्या किंवा आत ताण असलेल्या लाकडात करवत पुढे सरकू लागली की मागची चीर मिटू पाहते आणि पाते आवळते. ते आवळू नये म्हणून चिरेत पाचर देतात. कथाकाराने हे काम पाहिलेले होते, यात शंका नाही. मराठीत ‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार अडथळा आणण्याच्या अर्थाने रूढ झाला आहे, ही गंमतीची गोष्ट आहे. करवतकामात पाचरीचे कार्य नेमके उलट, म्हणजे वाट मोकळी ठेवण्याचे असते. वाक्प्रचार घडविणारे बहुधा लाकडाच्या आत नव्हे, बाहेर उभे होते.

ही कथा सहाव्या शतकात पहलवीत आणि तेथून आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फा याच्या ‘कलीला व दिम्ना’ या अरबी ग्रंथात गेली. अरबी रूपात दोन फरक पडले. वानराचे शेपूट फटीत अडकते, त्यामुळे ते लगेच मरत नाही. आणि गेलेला सुतार परत येतो. पण परत आल्यावर तो वानराची सुटका करण्याऐवजी त्याला मारतो, आणि ओंडक्याने दिलेल्या यातनेपेक्षा हा मार भारी ठरतो. म्हणजे संस्कृत कथेने कारागिराला दृश्याबाहेर ठेवून निर्दोष राखले, तर अरबी कथेने त्याला दृश्यात आणून न्यायाधीश केले. आपण जाताना ओंडका कसा सोडला, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. मराठीत हितोपदेशाचा वैजनाथ पंडितकृत अनुवाद १८१५ मध्ये श्रीरामपूर मिशनच्या छापखान्यातून निघाला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल त्या वेळी रायपूर-रतनपूरच्या मुलखावर होता. नव्या मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत करवतीखालचा हा अपघात अशा रीतीने येऊन बसला आहे.

छत्तीसगढाच्या भूमीवर मात्र करवतीची आणखी एक कथा प्रभावी आहे. रायपूरच्या पूर्वेस महानदीच्या बाजूला आरंग हे प्राचीन मंदिरांचे गाव आहे. त्याच्या नावाची लोकव्युत्पत्ती ‘आरा’ आणि ‘अंग’ अशी सांगतात. मयूरध्वज, लोकभाषेत मोरध्वज, या राजाची कथा जैमिनीच्या अश्वमेधपर्वात आहे आणि मराठी वाचकाला ती श्रीधराच्या ‘जैमिनी अश्वमेधा’मुळे परिचित आहे. ब्राह्मणवेषात आलेला श्रीकृष्ण राजाचे अर्धे शरीर मागतो. राणी व पुत्र करवत धरतात. राजाच्या डाव्या डोळ्यातून अश्रू येतो, कारण डावे अंग दानाच्या उपयोगी पडणार नाही. लोककथेत पुष्कळदा राजाऐवजी पुत्रच आऱ्याखाली जातो. या प्रसंगामुळे छत्तीसगढात एके काळी आरा चालविणे निषिद्ध मानले जाई, अशीही दंतकथा आहे. स्थानिक परंपरा मयूरध्वजाची राजधानी रतनपूर येथे मानते, आणि त्याच रतनपुरात १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्याची गादी होती. दंतकथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रदेशाने आऱ्याकडे दानाचे व देहदंडाचे साधन म्हणून पाहिले, त्याच प्रदेशाचे मुख्य शहर पुढे आरामशिनींचे शहर व्हावे, हे नोंदवून ठेवावेसे वाटते. मोरध्वजाच्या कथेत आरा चुकूच शकत नाही. हात कापत नाही, रेघ सुटत नाही. पाचरीची कथा आणि आऱ्याची कथा यांच्यामध्ये, न मूर्ख न भक्त असा जो साधा कामगार उरतो, त्याला दोन्हींत जागा नाही.

हा कामगार रायपुरात आला तो रेल्वेच्या मागोमाग. बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर-आसनसोल मार्ग १८९१ मध्ये खुला झाला आणि १९०० मध्ये रायपूर-धमतरी ही अरुंद मापाची लाइन सुरू झाली. धमतरीपलीकडील सिहाव्याच्या व बस्तरच्या सालवनांना बाजार मिळाला. सालाचा मुख्य ग्राहक रेल्वेच होती. रुंद मार्गाचा लाकडी स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद व पाच इंच जाड, म्हणजे सव्वातीन घनफुटांना किंचित कमी इतका भरे. मापात न बसलेला तुकडा नाकारला जाई आणि नाकारलेला माल गावातल्या वखारीत, चौकटी-वाशांच्या कामी उतरे. मध्य भारतातील इतर शहरांप्रमाणे येथेही कच्छहून आलेल्या पाटीदारांनी या व्यापारात पाय रोवले. फाफाडीह आणि पुढे भनपुरी हे भाग वखारींसाठी व आरामशिनींसाठी ओळखले जाऊ लागले. खड्ड्यावर ओंडका ठेवून वर एक आणि खाली एक असे दोन आराकश जे काम करीत, ते आता विजेवर फिरणाऱ्या पट्टीच्या आऱ्याने होऊ लागले.

येथील चुकांचा पहिला प्रकार शब्दांचा आहे. सरकारी हिंदीतला साल छत्तीसगढीत सरई होतो; मराठी माणसाला मात्र ‘साल’ म्हटले की झाडाची साल आठवते. मराठीतील ऐन येथे साजा, बिबला येथे बीजा, हेद येथे हल्दू, तिवस येथे तिनसा. नागपूरचा गिऱ्हाईक आणि रायपूरचा वखारवाला एकाच लाकडाविषयी बोलत आहेत की नाही, हे फळी समोर येईपर्यंत ठरत नसे. नावाचा घोळ मापात शिरला की तो पैशाचा होतो. गोल लाकूड मोजण्याच्या जुन्या रीतीत घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात व लांबीने गुणतात. चार फूट घेराचा व दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने दहा घनफूट भरतो, प्रत्यक्षात तो पावणेतेरा घनफुटांच्या जवळ असतो. ही तूट चिरकामातील नासाडीसाठी सोडलेली असते असे मानतात. पण घेर सालीसकट घेतला की साल काढून, हे कागदावर लिहावयाचे राहिले तर सगळा हिशेब डळमळतो.

यंत्रावरील चुका याहून क्षुल्लक दिसतात. आऱ्याचे दात आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकविलेले असतात; एका बाजूचे दात बोथट झाले की पाते दुसऱ्या बाजूस ओढले जाते आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. चिरेची जाडी हिशेबात धरावयाची राहते. ती तीन मिलिमीटर मानली तरी आठ कापांत २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ इंचभर जाडीची एक फळी भुशात जाते. रस्त्याकडेच्या आंब्याबाभळीत कोणी कधी पाटी लावण्यासाठी मारलेला खिळा झाड गिळून टाकते. वीस वर्षांनी तो आऱ्याला लागतो. त्या दिवशी दात कोणामुळे मोडले? खिळा मारणारा, ओंडका न तपासणारा, की गाडी घाईने पुढे ढकलणारा? काप पूर्ण होण्याआधी ओंडक्याची गाडी मागे ओढली तर पाते चाकांवरून निसटते. गळ्यातल्या गमछाचे टोक पट्ट्यात जाते. कोणी भुशाजवळ बिडी ओढतो. आणि सर्वांत नित्याची चूक म्हणजे पात्यापाशी अडकलेली ढलपी काठीने न काढता बोटाने काढणे. काठी हाताशी नसते, गिऱ्हाईक उभे असते, यंत्र थांबविले तर पुन्हा वेग येण्यास वेळ लागतो. ‘नजरचूक’, ‘हयगय’, ‘गफलत’, ‘लापरवाही’ असे शब्द आपण या क्षणासाठी वापरतो. ते सगळे त्या माणसाच्या मनाविषयी बोलतात. त्याच्या हाताशी काठी का नव्हती, याविषयी एकही बोलत नाही.

युरोप-अमेरिकेच्या वाङ्मयात या क्षणाकडे दोन थोर लेखकांनी पाहिले आहे. स्तांदालच्या ‘तांबडे आणि काळे’ या कादंबरीत (१८३०) ज्यूलियँ सोरेल बापाच्या पाण्यावर चालणाऱ्या सॉ मिलमध्ये आऱ्यावर लक्ष ठेवण्याऐवजी छपराच्या तुळईवर बसून नेपोलियनविषयीचे पुस्तक वाचत असतो. बापाच्या फटक्याने पुस्तक ओढ्यात पडते. दुसऱ्या फटक्याने मुलगाच बारापंधरा फूट खाली यंत्राच्या दांड्यांत पडावयाचा, पण बाप त्याला डाव्या हाताने सावरतो. हलगर्जी मुलाची, अपघाताची वेळ मात्र शिक्षा करणाऱ्याने आणली. अरबी कथेतील सुताराशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘आउट, आउट’ या कवितेत (१९१६) व्हर्मांटमधील मुलगा अंगणातल्या यंत्रकरवतीवर सरपण कापतो आहे. बहीण जेवायला बोलावते आणि त्याच क्षणी हात पात्याखाली जातो. मुलगा मरतो आणि उरलेली माणसे आपापल्या कामाकडे वळतात. मुलाला अर्ध्या तासाची सुट्टी आधी दिली असती तर, हा विचार कवीने तेथे येऊ दिला आहे. पंचतंत्रात जेवणाची वेळ कारागिरांना सुरक्षित ठेवते, फ्रॉस्टच्या कवितेत तीच वेळ घात करते. फ्रॉस्टच्या थंडपणावर निर्दयतेचा आक्षेप घेतला जातो. तो आम्हाला मान्य नाही. काम कोणत्या वयात आणि किती वेळ चालू होते, हे सांगून त्याने दोषाची व्याप्ती वाढविली आहे.

रायपूरकडे परत येऊ. येथे कथेचे काम नोंदवह्यांनी केले. मध्य प्रदेशात १९६९ च्या कायद्याने वनोपजाचा व्यापार राज्याच्या ताब्यात गेला, आणि १९८४ च्या काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियमाने आरामशिनीला परवाना व हिशेबाच्या वह्या आवश्यक ठरविल्या. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाल्यावरही हा कायदा तेथे पुढे चालू राहिला. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनक्षेत्रातील विनापरवानगी आरामशिनी थांबविल्या आणि ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या आरामशिनी उघडण्यावर निर्बंध घातले. बस्तरमधील खासगी जमिनींवरील झाडांची, ‘मालिक मकबूजा’ नावाने कुप्रसिद्ध झालेली तोड त्याच दशकातली. अशा परिस्थितीत लाकडाचा हिशेब कडक असणे आवश्यकच होते. त्यामुळे किती लाकूड आले, किती चिरले आणि किती गेले, याबाबतची नजरचूक ही सर्वांत महागडी चूक बनली. मालात आणि वहीत फरक आढळला तर परवाना धोक्यात येई. त्या कायद्याचा विषय लाकूड हा होता, हात नव्हे.

हातासाठी दुसरे कायदे होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कठडे घालणे बंधनकारक केले. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान दहा कामगार लागत, आणि आठ-नऊ माणसांची आरामशीन त्या व्याख्येखाली सहसा येत नसे. उरला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक अवयवाच्या हानीपुढे कमाईच्या शक्तीतील घट लिहिलेली होती. पूर्ण अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मध्यमा १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. तौलनिक अभ्यासकाने ही अनुसूची एक मजकूर म्हणून वाचावी. तीत मूर्खपणाचा उल्लेख नाही, धर्माचाही नाही. माणूस जेवायला गेला होता की पुस्तक वाचत होता, हे रकान्यात लिहावयाचे नसे. मालक सुटे तो मुख्यतः कामगार नशेत असला, किंवा त्याने सुरक्षिततेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला वा संरक्षक साधन जाणूनबुजून काढले तर. आणि मृत्यू आला असेल तर या सबबीही पुरेशा होत नसत. नुसती गफलत पुरेशी नव्हती. पाचरीच्या वानराला कोणत्याही भाषेत न मिळालेली मुभा या रूक्ष कलमाने दिली होती. ती मागण्यासाठी आयुक्तापुढे अर्ज करावा लागे, आणि अर्जात घटनेची हकीकत, वेळ व स्थळ यांसह, जखमीने स्वतः किंवा त्याच्यासाठी दुसऱ्याने लिहून द्यावी लागे. वखारीतील कामगारांच्या शब्दांत सांगितलेले अपघात शोधावयाचे असतील तर त्या अर्जांच्या गठ्ठ्यांपासून आरंभ करावा लागेल. भाषा त्यांची हिंदी असेल, मध्ये छत्तीसगढीचे शब्द असतील, आणि सही पुष्कळदा उरलेल्या अंगठ्याची.