अळूच्या भाजीची वंशावळ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तहनामे आणि मोडी लिपीतले जीर्ण कागद उभे राहतात. कोणत्या सरदाराला किती सरंजाम मिळाला, कोणत्या मोहिमेवर किती रुपये खर्ची पडले, हे सारे दप्तरात सापडते. मुदपाकखान्यात तूप किती लागले, तेही सापडते. पण त्या सरदाराच्या घरी श्रावणात अळू कोणी खुडले, ते घशाला खाजू नये म्हणून त्यात चिंच किती घातली, हे कोण लिहून ठेवणार? लिहिणारे कारकून माजघरापलीकडे जात नसत, आणि माजघरापलीकडे राबणाऱ्या बायकांच्या हाती बोरू नव्हता.

तेव्हा या दिवाळीला राजघराण्याची नव्हे, एका वाटीभर भाजीची वंशावळ वाचकांपुढे मांडावी असे मी योजले आहे. लग्नाच्या पंगतीत पानावर वाढताच चहूकडे पळू लागणारी ती अळूची पातळ भाजी. लाडाने आपण तिला फदफदे म्हणतो. सोवळ्यात शिजणारी, नैवेद्याच्या पानात बसणारी, अगदी घरची. तिच्या घरंदाजपणाबद्दल कोणी शंका घेतलेली मी ऐकलेली नाही. म्हणूनच तिची चौकशी करण्यात गंमत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या सासरी ती अशी होते. काळ्या देठांचे अळू हाताला तेल लावून चिरायचे, देठ सोलून त्यांचे तुकडे करायचे, जोडीला थोडा आंबट चुका. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप आधी भिजवून शिजवून घ्यायचे. पाने शिजली की पळीने घोटून त्यांना डाळीचे पीठ लावायचे. मग चिंचेचा कोळ, गूळ, मीठ. वरून मेथ्या, हिंग आणि मिरचीची खमंग फोडणी. चैत्र-वैशाखात कोणी ओले काजू सोलून ठेवले असले तर तेही पडतात. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा विचारले होते, "सासूबाई, गूळ किती घालू?" त्यांनी मागे न पाहताच सांगितले, "अगं, चिंच मागेल तेवढा." या उत्तराचा अर्थ कळायला मला चार पावसाळे लागले.

आता एकेकाचे कूळ पाहू. अळू आपल्याकडचे, फार पुरातन. पाणथळ जागी ते आपसूक माजते. त्याच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच घशाला टोचतात. ते शिजून मऊ व्हावे आणि आंबटाने त्याची खाज मोडावी, ही युक्ती कोणा रसायनशास्त्रज्ञाच्या फार आधी कोणा बाईला सापडली असली पाहिजे. गूळ आपला. नारळ आपल्या किनाऱ्याचा जुना रहिवासी. चिंच मात्र मूळची आफ्रिकेतली. पण ती इतक्या प्राचीन काळी आली की तिला परकी म्हणणे हास्यास्पद ठरेल. हरभरा पश्चिम आशियातून हजारो वर्षांपूर्वी आला. हिंग तर आजही इराण-अफगाणिस्तानकडूनच येतो.

राहिले शेंगदाणे, मिरची आणि काजू. हे तिघेही अमेरिका खंडातले! १४९२ मध्ये कोलंबस समुद्रापार गेला नसता, आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला नसता, तर आपल्या या सोवळ्या भाजीची फोडणी कशाची असती? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे विस्ताराने वर्णन आहे. मांडे आहेत, वडे आहेत, इडलीची पणजी शोभेल अशी इड्डरिका आहे. हिंग, जिरे, आले, मिरी सारे आहे. मिरची नाही. असणार कशी? ती अजून सातासमुद्रापलीकडे होती. पुढे ती आली तेव्हा आपल्या बायकांनी तिला मिरीचीच धाकटी बहीण मानून तिचे नाव ठेवले, आणि हळूहळू मिरीलाच फोडणीतून उठवले.

ही मंडळी कोठून आली याची साक्ष भाषा देते. बटाटा, पपई, अननस, काजू, कोबी, पेरू ही नावे आपण पोर्तुगिजांच्या तोंडून उचलली आहेत. उत्तरेकडे बटाट्याला आलू म्हणतात. आपण बटाटा म्हणतो, कारण तो आपल्याकडे गोव्याच्या वाटेने आला. पण बंदरात उतरलेले फळ घरच्या ताटापर्यंत पोचते कसे? मधे एक दार असावे लागते. माझ्या मते ते दार म्हणजे घरामागचे परस.

शेतात नवे पीक घ्यायचे म्हणजे जोखीम. सारा भरायचा असतो, वर्षाचे धान्य घरात यायचे असते. परसात तशी धास्ती नाही. एक बी रुजले नाही तर काय बिघडले? तेथे मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी पोसतात, गडग्याशी शेवगा उभा असतो, मांडवावर दुध्या आणि कारली चढतात, पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधलेला असतो. या राज्याची मालकीण घरातली बाई. शेजारणीने दिलेले चार अनोळखी दाणे ती कोपऱ्यात टोचून पाही. उगवले, घरच्यांना मानवले, की त्याचे बी राखेत घोळवून गाडग्यात ठेवी आणि पुढच्या वर्षी माहेरवाशिणीच्या ओटीतून दुसऱ्या गावाला धाडी. असा हा प्रसार झाला असावा. याला ना फर्मान लागले, ना फौज.

याचा पुरावा हवा असेल तर तो भाद्रपद शुद्ध पंचमीला आपल्या ताटातच मिळतो. ऋषिपंचमीचा नेम असा की बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. हाताने लावलेले, आपसूक उगवलेले, म्हणजेच परसातले खायचे. ऋषींच्या नावाची ही भाजी. तिच्याइतकी पुरातन दुसरी कोणती असणार? तिच्यात अळू, सुरण, पडवळ, माठ हे जुने मानकरी आहेतच. पण त्यांच्या मांडीला मांडी लावून मक्याचे कणीस आणि लाल भोपळाही बसले आहेत, आणि या दोघांचे मूळ गाव अमेरिका! वसिष्ठांनी मका पाहिला नव्हता, भरद्वाजांनी लाल भोपळा चिरला नव्हता. तरी आमच्या आजेसासूबाईंच्या मनात कधी किंतु आला नाही. बी कोठल्या देशाचे, हे त्यांनी विचारलेच नाही. नांगर लागला होता का, एवढेच विचारले.

उपवासाची कथा याहून मौजेची आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, राजगिरा, सगळे अमेरिकेकडचे पाहुणे. उपवासाला धान्य वर्ज्य. या नव्या वस्तू जुन्या धान्यांच्या यादीत नव्हत्या, म्हणून त्यांना वाट मोकळी मिळाली असावी असे मला वाटते. साबुदाणा पूर्वी मलायाकडून, तिकडच्या एका ताडाच्या गाभ्यापासून होऊन येई. दुसऱ्या महायुद्धात जपानने तो मुलूख घेतला आणि आयात बंद पडली. तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळ प्रदेशातल्या सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा होऊ लागला. हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला! आपल्या एकादशीची खिचडी इतक्या उलाढालींतून शिजलेली आहे.

सरकारी बागांनीही काही हातभार लावला. इंग्रजांनी महाबळेश्वर वसवल्यावर तेथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवले होते. त्यांच्या हातून तेथे बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड झाली. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला, कैदी गेले, बटाटा राहिला. पण त्याची सुकी भाजी करून ती पुरणपोळीच्या पानात उजव्या बाजूला बसवली, हे काम कोणा सुपरिंटेंडेंटचे नव्हे.

येथे कोणी म्हणेल, मग आपले असे काय उरले? उरला तो हंगाम. वस्तू बाहेरच्या आल्या, पण त्या कधी खायच्या याचा कायदा आपला राहिला. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्याची चैन करून चातुर्मासापुरता त्यांचा निरोप घ्यायचा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच वांग्याला हात लावायचा. आणि तेव्हाच तर थंडीतले वांगे खरे चवीला येते. पावसाच्या तोंडाशी टाकळा, भारंगी, शेवळे. पौषात भोगीला पावटा, गाजर, ओला हरभरा, तीळ आणि बोरे. यातले बोर पाहा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जव आणि कुळथाबरोबर बोरेही सापडली. भोगीच्या भाजीत त्या बोरांशेजारी परवा आलेला शेंगदाणा सुखाने शिजतो. आणि या दिवाळीत कोकणात नव्या भाताचे पोहे होतील. दुधातले, ताकातले, गुळातले, दडपे. भात घरात आल्याची ती पावतीच असते.

आज परसे बुजली. गावीही विहिरीशेजारी सिमेंट झाले, आणि शहरात वांगे बारा महिने मिळते. मला यात फार अश्रू ढाळायचे नाहीत. विहिरीचे पाणी ओढून बायकांची कंबर मोडे, हे मी पाहिलेले आहे. खंत आहे ती निराळीच. परसाबरोबर त्याचे अलिखित दप्तरही जाते आहे. कोणते अळू भाजीचे आणि कोणते वडीचे, कोवळा फणस कोणत्या महिन्यापर्यंत भाजीला चालतो, तवसे जून झाले की त्याचे धोंडस कसे करायचे, ही विद्या हातांत होती. हात गेले की ती गेली.

मराठीत पाककृती छापायला आपण उशिराच लागलो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. तिने वाटी-चमच्याचे माप देऊन किती नव्या सुनांची लाज राखली! पण हजार कृती छापल्या तरी त्यात तुमच्या घरची आमटी येत नाही. ती तुम्हीच लिहायला हवी.

दिवाळीत चार पिढ्या एका छपराखाली येतात. फराळाची ताटे उचलली की एखादी वही घेऊन आजीजवळ बसावे. ती माप सांगणार नाही. तिच्या मुठीचे माप आपणच वाटीने मोजून घ्यावे. महिना कोणता, भाजी कोणत्या वेलीची, बी कोणाकडून आले, हेही विचारावे. उद्या आपल्या नातसुना ऋषीच्या भाजीत ब्रोकोली घालतील. खुशाल घालू देत. ऋषींनी मका पचवला, ते तीही पचवतील. मात्र ती कोणी, केव्हा आणि का घातली, एवढे तरी त्या वहीत लिहिलेले असावे.