पाठचे भावंड : आजारी मुलाच्या घराचा इतिहास आणि मराठी निवेदन

१

एकाच आईच्या पोटी पुढेमागे जन्मलेल्या मुलांचे नाते मराठी भाषा शरीराच्या एका अवयवाने सांगते. आपल्यानंतर जन्मला तो ‘पाठचा’ भाऊ, जन्मली ती ‘पाठची’ बहीण. अडचणीत उभा राहतो तो ‘पाठीराखा’. ‘भावंड’ हा शब्द तर नपुंसकलिंगी आहे. त्यात मुलगा-मुलगी आणि थोरले-धाकटे हे भेद विरून जातात. घरात मात्र ते विरत नाहीत. एखादे मूल वर्षानुवर्षे आजारी असते, त्याला उचलावे, भरवावे, औषध पाजावे लागते, तेव्हा पाठीचे हे रूपक शब्दशः खरे होते. ते मूल कोणाच्या तरी पाठीवर किंवा कडेवर असते, आणि आईचे हात रोजगारात गुंतलेले असले की ती कड बहुधा थोरल्या बहिणीची असते.

अशा घरातील आईवडिलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘आमच्या माघारी याचं कोण बघणार?’ वरवर पाहता हा प्रश्न निरुत्तर आहे. वस्तुतः त्याचे उत्तर त्याच खोलीत बसून तो ऐकत असते. ते उत्तर म्हणजे त्या मुलाचे भावंड. प्रश्नात त्याचे नाव घेतले जात नाही, कारण ते गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे गृहीतक आहे. आजारी मुलाच्या घराचा इतिहास संतचरित्रकारांनी, नाटककारांनी आणि शासनाने आपापल्या परीने लिहिला; पण त्यात भावंडाला निवेदकाचे स्थान मिळाले नाही. असे का झाले, आणि मराठीत त्या निवेदनाला अनुकूल असा काही रूपबंध उपलब्ध आहे काय, हे नांदेड आणि लातूर या परिसराच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

२

मराठवाड्याच्या स्मृतीत या विषयाशी संबंधित दोन जुनी कथानके आहेत आणि ती दोन्ही पैठणच्या आसपासची आहेत. पहिले कूर्मदासाचे. हातापायांवाचून जन्मलेला हा भक्त सरपटत पंढरीला निघाला आणि आजच्या सोलापूर जिल्ह्यातील लऊळ येथे थबकला. तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीस आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ही कथा अपंग देहाला करुणेचा विषय न करता भक्तीचा कर्ता करते, हे तिचे मोठेपण होय. परंतु तिचे सारे लक्ष वाटेवर आहे, घरावर नाही. जो चालू शकत नाही, तो घर सोडण्याआधी कोणाच्या आधाराने वाढला असेल, हा प्रश्न या कथेच्या कक्षेत येत नाही. चमत्काराला घराची गरज नसते.

दुसरे कथानक आपेगावच्या चार भावंडांचे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांची कथा आजाराची नाही, बहिष्काराची आहे. तरीही येथे तिचे महत्त्व आहे. मराठी साहित्याच्या आरंभी जे कुटुंब उभे आहे, त्यात आईवडील नाहीत. भावंडांनी भावंडांना सांभाळले आहे. थोरला भाऊ गुरू होतो. ताटीच्या अभंगांत, परंपरेनुसार, धाकटी बहीण रुसून दार लावून बसलेल्या भावाची समजूत घालते. सांभाळणाऱ्या भावंडाचा आवाज म्हणजे काय, याचा हा मराठीतील आद्य नमुना म्हणता येईल. त्या आवाजात आईची कळवळ नाही आणि परक्याची दयाही नाही. बरोबरीच्या नात्यातून आलेला अधिकार आहे. पुढे मराठीने या आवाजाचा आध्यात्मिक अर्थ जपला, पण त्याचा कौटुंबिक अर्थ बाजूला राहिला.

जात्यावरच्या ओवीत बहीणभावाचे नाते विपुल आहे. तेथे मात्र ते बहुशः सासरहून पाहिलेले आहे. भाऊ मुराळी म्हणून येतो, चोळी आणतो, बहिणीचे माहेर राखतो. त्या भावाला लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेली मुलगी ओवीत येईपर्यंत सासुरवाशीण झालेली असते. तिने केलेले बालपणीचे काम मायेत विरघळून जाते.

३

आता इतिहासाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. आजारी मुलाचे घर केवळ मायेने चालत नाही. दवाखाना किती दूर आहे यावर त्याची घडी बसते किंवा विस्कटते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. संस्थानातील मोठे इस्पितळ राजधानीत, मुसा नदीच्या काठी होते. उस्मानिया इस्पितळाची ती इमारत १९२५ च्या सुमाराची. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली आणि ही अरुंद वाट पुढे कुर्डुवाडी व पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. मिरजेत वानलेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ पासून होते. ज्या लऊळपाशी कूर्मदासाची वाट संपली, ते गाव या कुर्डुवाडीच्या जवळच आहे. देवाची वाट आणि दवाखान्याची वाट अशा रीतीने एकाच मुलखातून गेली.

वैद्यकीय महाविद्यालये या भागात उशिरा आली : अंबाजोगाईस १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. या तारखा केवळ प्रशासनाच्या नाहीत. मुलाला घेऊन परगावी राहणे म्हणजे किमान एक मोठे माणूस घरातून वजा होणे. मजुरीवरच्या घरात दुसरे माणूस कामावर जाते. मग उरलेल्या मुलांचे, चुलीचे आणि पाण्याचे पाहायला दहा-बारा वर्षांची मुलगी उरते. कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे गणित आणखी कठोर होते, कारण तेथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आईने आजारी मुलाजवळ थांबायचे ठरवले तर कोयताच मोडतो. ती कोयत्यावर गेली तर मुलीची शाळा मोडते. दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते खरे. त्याची किंमत मात्र पुष्कळदा थोरल्या मुलीच्या शाळेच्या वर्षांत चुकती होते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, तेही मिरजेहूनच. त्या उन्हाळ्याची नोंद दुष्काळाच्या इतिहासात झाली आहे. अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरात पाणी दुप्पट लागते : न्हाऊ घालायला, कपडे धुवायला, औषधांबरोबर पाजायला. टँकरपुढे घागर घेऊन उभे राहणाऱ्या मुलांपैकी किती जण अशा भावंडाची घागर भरत होते, याचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नव्हता.

४

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट-माहूरचा डोंगराळ पट्टा आहे. गोंड, कोलाम, प्रधान, आंध या समाजांची वस्ती असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडासांध्यांच्या असह्य वेदनांनी तळमळते. वैद्यकशास्त्राने १९१० मध्ये शिकागोत या पेशींचे वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्यांची नोंद झाली. नाव नव्हते तेव्हाही वेदना होतीच. ती करणी, देवीचा कोप किंवा पूर्वजन्मीचे फळ या भाषेत सांगितली जात होती, आणि माहूरच्या रेणुकेला नवस बोलले जात होते.

या आजाराने ‘भावंड’ या शब्दाला एक नवा, जवळजवळ क्रूर अर्थ दिला. आई आणि वडील दोघेही केवळ वाहक असतील, तर त्यांना सहसा कसलाही त्रास नसतो. परंतु त्यांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत आजाराची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. ही फेक प्रत्येक गरोदरपणात नव्याने होते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणूनच हे जनुक मलेरियाच्या जंगलमुलखांत टिकले. म्हणजे ज्या वारशाने एका भावंडाला तापातून वाचवले, त्याचाच दुहेरी वाटा दुसऱ्याला वेदनेच्या स्वाधीन करतो. पूर्वसंचिताची जुनी कल्पना एका मुलाचे दुखणे त्या एकट्याच्या माथी मारत होती. रक्ततपासणी सांगते की हा वारसा साऱ्या घराचा आहे, वाट्याला येणे तेवढे वेगळे.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? या मुलाने भरपूर पाणी प्यावे, थंडी आणि अतिश्रम टाळावेत, ताप अंगावर काढू नये, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चुकवू नये. यातील प्रत्येक ‘नये’ दुसऱ्या कोणाचे तरी ‘करावे’ होते. तो सरपण आणत नाही, म्हणून बहीण दोन खेपा करते. पुढे बहिणीच्या सोयरिकीची वेळ आली की तिच्याही रक्ताचा अहवाल पाहिला जातो. दोन वाहकांचा विवाह टाळावा हा सल्ला शास्त्रीय आहे. पण ‘त्या घरची मुलगी’ हा शिक्का शास्त्राने मारलेला नाही. आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला तर प्रथम सख्ख्या भावंडाकडेच पाहिले जाते, कारण त्याची ऊती जुळण्याची शक्यता चारात एक असते. ‘रक्ताचे नाते’ हा वाक्प्रचार येथे अलंकार राहत नाही. दाता होणारे ते मूल अजाण असते. त्याच्या वतीने संमती देणारे आईवडील दुसऱ्या मुलाचेही आईवडील असतात.

५

राज्यसंस्थेने या घराला कोणती नावे दिली? १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. सिकलसेल त्यांत नव्हता. आईवडिलांच्या माघारी काय, या चिंतेला उत्तर म्हणून १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश केला. त्याच कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. तीत आईवडिलांचा उल्लेख नावानिशी आहे. भावंडे मात्र ‘कुटुंबातील इतर सदस्य’ या पदात सामावली आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या ‘इतर’पाशी थांबावे, कारण साहित्याच्या संहितांतही त्यांची जागा तीच आहे.

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलाच्या आईवडिलांची घुसमट निर्भीडपणे मांडली आहे, परंतु नाटकाचा प्रश्न पालकांचा आहे. ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात आई आणि बालमैत्रीण यांच्यामध्ये नंदू उभा आहे. ‘श्वास’ (२००४) मध्ये कोकणातून पुण्याला आलेले आजोबा आणि नातू आहेत. या कलाकृती श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा येथे हेतू नाही. त्यांतील भावबंध वरून खाली वाहणारा आहे, एवढेच नोंदवावयाचे आहे. वडीलधाऱ्याच्या त्यागाला शोकात्म उंची सहज लाभते. त्याने निवड केलेली असते. भावंडाने काहीच निवडलेले नसते. त्याच्या वाट्याला माया आणि मत्सर, अभिमान आणि लाज, सुटून जाण्याची इच्छा आणि त्या इच्छेचा अपराधभाव एकाच वेळी येतात. आदर्श मातृत्वाच्या साच्यात ही गुंतागुंत मावत नाही.

तिला जवळचा रूपबंध मराठवाड्यातच आहे, असे मला वाटते. आणि तो दलित-भटक्यांच्या आत्मकथनांचा आहे. लातूर परिसरातील जीवन मांडणाऱ्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) एक प्रसंग आहे. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो, त्याच सुमारास वस्तीतील मुलांना जुलाब-वांत्या सुरू होतात, आणि दोष त्याच्या शाळेला दिला जातो. शिकणाऱ्या निरोगी मुलाच्या माथी इतरांच्या आजाराचे पाप येणे, हा अनुभव अशा घरातील भावंडाला नवा नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’त (१९७९) आईवडील गमावलेला मुलगा बहिणीच्या आधाराने वाढतो. तेथे आधार आणि ओझे, घास आणि त्याचा हिशेब यांची सरमिसळ आहे. या लेखनाने एक गोष्ट साध्य केली : कृतज्ञता आणि तक्रार एकाच वाक्यात बोलता येतात, हे मराठी गद्याला शिकवले. आजारी मुलाच्या भावंडाला नेमके असेच वाक्य हवे आहे.

६

आज नांदेड-लातूरच्या अशा मध्यमवर्गीय घरात दोन फायली आढळतात. एकीत आजारी मुलाचे अहवाल, प्रमाणपत्र आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतात. दुसरीत त्याच्या भावंडाच्या शिकवणीच्या चाचण्यांचे गुण. ‘लातूर पॅटर्न’ने या भागातील मुलांना वैद्यकीय प्रवेशाची वाट दाखविली, हे खरे. त्या वाटेवर निघालेल्या एखाद्या मुलीला ‘तू डॉक्टर हो, म्हणजे भावाची काळजी मिटेल’ असे सांगितले जाते, तेव्हा ती केवळ परीक्षा देत नसते. ‘आमच्या माघारी’ या प्रश्नाचे उत्तर ती लिहीत असते आणि विषय तिने निवडलेला नसतो. तिने तो आवडीने निवडलाही असता. पण तिला विचारलेले नसते.

इतिहासाचे काम दोष देण्याचे नाही. कोयता धरलेली आई, उस्मानियाच्या ओसरीवर किंवा मिरजेच्या फलाटावर रात्र काढणारा बाप, यांच्या हातात तरी निवड कोठे होती? दवाखाने दूर ठेवणाऱ्या राजकीय भूगोलाने जे काम केले नाही, ते घरातल्या सर्वांत लहान हातांनी केले. ते काम ‘माया’ या एका शब्दात गुंडाळून ठेवण्याऐवजी काम म्हणून वाचणे, आणि ते करणाऱ्याला ‘इतर’मधून बाहेर काढून निवेदकाच्या जागी बसविणे, हे समीक्षेला करता येण्यासारखे आहे. मुक्ताबाईने बंद ताटीबाहेर उभे राहून भावाशी बोलण्याचा अधिकार सातशे वर्षांपूर्वी वापरला. आज ताटीबाहेर उभ्या असलेल्या बहिणीला भावाबद्दल, आणि त्याच्याइतकेच स्वतःबद्दल, बोलता आले पाहिजे. तिचे बोलणे ऐकल्यावाचून या घराचा इतिहास पुरा होणार नाही.