फेस बसला, घोडा अडला

दारूचं नाव निघालं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जवाला मोड आणून केलेली बिअर रोजच्या पिण्यातली होती. ती करणं हे बरंचसं बायकांचं काम.

लिन या बंदरगावात मार्जरी केम्प राहायची. बाप गावचा मेयर, तिला नटण्यामुरडण्याची भारी हौस. नवऱ्याची कमाई पुरेना, म्हणून तिने बिअरचा धंदा काढला आणि गावातल्या बड्या धंदेवाल्यांत जाऊन बसली. तीन-चार वर्षांत पैसा बुडाला. बिअरवर छान फेस चढायचा अन् अचानक बसायचा. सगळी बिअर वाया! नोकर लाजून सोडून गेले.

मग दोन घोडे आणि एक गडी घेऊन तिने पिठाची गिरणी घातली. घोडा पुढे जाईना, मागेच सरके! गडीही गेला. लोक म्हणाले, बाईला शाप आहे.

ही फजिती तिने स्वतःच सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतली. त्या पुस्तकाचं हस्तलिखित १९३४ साली सापडलं. तिच्या मते ही गर्वाची शिक्षा होती. पण साधं कारणही तिने नोंदवलंय: या कामाची सवय नव्हती.

गटाच्या वहीत तोटा लिहाल, तेव्हा त्यापुढे कारणही लिहा.