बोटावरचा आकडा

करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी उसळली ती वऱ्हाडात. फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस अमरावती, अचलपूर व अकोला पुन्हा कुलूपबंद झाले.

या रोगाचा कपटीपणा असा, की रक्तातील प्राणवायू घसरूनही अनेकांना धाप लागत नसे. गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो बाहेर पडत राहिला, तर प्राणवायूची तूट मुकीच राहते. तिला वाचा फोडली पल्स ऑक्सिमीटरने. त्याचे तत्त्व 1974 साली जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडले होते. एप्रिल 2020 मध्ये, ऐन साथीत, ते निवर्तले.

त्याच वर्षी सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई हे चिमुकले यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. आकडा 95 च्या खाली, की रुग्ण तपासणीला! मात्र सावळ्या त्वचेवर तो कधी कधी फुगून दिसतो, हे अमेरिकी संशोधकांनी डिसेंबरात दाखवून दिले.