सावकाराला कुणी विचारायचे?

मंडळी, 'बँका आणि मानवी हक्क' असा विषय काढला की आमच्या घरातली तरुण मंडळी मोबाईलमध्ये डोके खुपसतात. बँकेचा संबंध व्याजाशी आणि हक्कांचा कोर्टाशी, असा सर्वांचा समज. पण ज्या प्रकल्पाला बँकेने पैसा दिला त्यात कुणाचे घर बुडाले, तर बँकेचा दोष किती? हा प्रश्न जगातल्या सर्वांत मोठ्या सावकाराला नर्मदाकाठच्या लोकांनी विचारला. त्यात आपल्या सातपुड्यातले आदिवासीही होते.

१९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरण गुजरातेत, पण मागे चढणारे पाणी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातही येणार होते. आपली ३३ गावे त्यात होती. त्यांतले पहिले मणिबेली, अक्कलकुवा तालुक्यातले. (तेव्हा जिल्हा धुळे. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये.)

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियम बँकेकडे आधीपासून होते. विस्थापितांचे पुनर्वसन कसे व्हावे हे १९८० मध्ये आणि आदिवासींबाबत काय पाहावे हे १९८२ मध्ये तिने लिहून ठेवले होते. कर्ज देताना ते कपाटातच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून कागदोपत्री तो 'अतिक्रमणदार'! मग त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन कुठली? किती माणसे उठणार याची धड मोजदादही झालेली नव्हती.

मेधा पाटकरांचे आंदोलन, बाबा आमट्यांची साथ, १९९०च्या अखेरीस गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवलेली यात्रा आणि तिथले उपोषण, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या रेट्याने बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. कॅनडातले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर त्यांच्या जोडीला होते. ही माणसे खोऱ्यातल्या गावांत गेली, लोकांशी बोलली. जून १९९२ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिले की, आहे त्या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरावे. बँकेने आणखी सहा महिन्यांची मुदत दिली. शेवटी ३० मार्च १९९३ रोजी भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको म्हणून कळवले.

धरण मात्र थांबले नाही. पैशाला काय, दुसऱ्या वाटेने येतो. त्याच वर्षी नर्मदा निगमाने रोखे काढले: आज ३६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. आमच्या शिक्षकखोलीतही फॉर्म फिरले. गणिताच्या सरांनी फळ्यावर हिशेब मांडला, व्याज साडेअठरा टक्क्यांच्याही वर! मणिबेलीचे नाव कुणाच्या तोंडून निघाले नाही. त्याच पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरले होते. जागतिक बँकेला निदान जाब तरी विचारता आला. ३६०० रुपयांच्या सावकारांना कोण विचारणार?

बँकेने धडा घेतला, निदान कागदावर. सप्टेंबर १९९३ मध्ये तिने तपासणी मंडळ स्थापले. प्रकल्पाची झळ बसलेले लोक तिथे थेट तक्रार करू शकतात. पहिलीच तक्रार नेपाळातल्या अरुण-३ धरणाची, आणि १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतले. २००३ मध्ये दहा खासगी बँकांनी 'इक्वेटर तत्त्वे' स्वीकारली. मोठ्या प्रकल्पाला कर्ज देण्यापूर्वी माणसांवर आणि निसर्गावर काय परिणाम होईल ते तपासायचे, असा त्यांचा आशय. तत्त्वे उत्तम आहेत. पण ती पाळली की नाही हे मुख्यतः बँकाच सांगणार, तिथे माझे मन काही भरत नाही.

कच्छमधल्या मुंद्र्याचेच पाहा. तिथल्या कोळशाच्या वीजप्रकल्पाला २००८ मध्ये जागतिक बँकेच्याच परिवारातल्या आयएफसीने कर्ज दिले. योगायोगाने आकडा तोच, ४५ कोटी डॉलर. मच्छीमारांनी तक्रार केली, आणि २०१३ मध्ये आयएफसीच्याच तक्रार-निवारकाने तिच्या देखरेखीतल्या उणिवा दाखवल्या. फारसे काही हलले नाही. लोक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, अशा संस्थेला खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. पण पुढे खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला, कारण मूळ कृत्य अमेरिकेत घडलेले नव्हते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात पुन्हा लक्ष घालायला नकार दिला, आणि मच्छीमारांची ती वाट तिथेच संपली.